झाकली मूठ आणि उघडा पडदा

वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेटीचा भाव ठरताना कधी पाहिला असेल, तर रुमालाची गंमत तुम्हाला ठाऊक असेल. आडत्या आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घेतात, वर रुमाल पडतो आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला काही म्हणजे काही कळत नाही. ही हत्ता पद्धत. उघड लिलावाचे नियम होऊनही तिची सवय सुटता सुटत नाही. भाव झाकलेला राहिला, की मधल्या माणसाची मूठ सव्वा लाखाची राहते.

दलाल स्ट्रीटवर रुमाल नव्हता. तिथे तर सगळे घसा फोडून भाव सांगत. पण तो आवाज रिंगणाच्या भिंतीपलीकडे जात नसे. त्यामुळे सांगली, अकोला किंवा रत्नागिरीत बसलेल्या गुंतवणूकदारासाठी मुंबईचा भाव रुमालाखालचाच होता. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी तो रुमाल कसा उडाला आणि तो उडताच सव्वाशे वर्षांची एक संस्था कशी आतून-बाहेरून बदलावी लागली, त्याची ही गोष्ट.

रिंगणातले दोन-अडीच तास

टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ साली आपली संघटना बांधली. हाच मुंबई शेअर बाजार. संस्था दलालांची, दलालांनी चालवलेली. सभासदत्वाला ‘कार्ड’ म्हणत. कार्ड बापाकडून मुलाकडे जाई, आणि कार्डवाले मोजकेच राहावेत यात सगळ्या कार्डवाल्यांचं हित असे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सौदे व्हायचे ते रिंगणात. दुपारचे दोन-अडीच तास तिथे नुसता कल्ला असे. ओरडून भाव सांगायचा, बोटांच्या खुणांनी नग सांगायचे, समोरच्याने मान डोलावली की सौदा पक्का. दोघांनी तो आपापल्या छोट्या वहीत टिपायचा. एकाच शेअरचा खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव सांगून मधल्या फरकावर जगणाऱ्यांना तारावणीवाले म्हणत. इंग्रजीत ते जॉबर. संध्याकाळी वह्या जुळवायला बसलं, की एकाच्या वहीत ‘घेतले’ आणि दुसऱ्याच्या वहीत काहीच नाही, असे सौदे निघत. त्याला वांधा म्हणायचं. वांधे मिटवायचे तेही आपसात.

पैसे आज नसतील तर सौदा पुढच्या पंधरवड्यात ढकलायची सोय होती. ती म्हणजे बदला. ही सगळी व्यवस्था शब्दावर चाले, आणि शब्द सहसा पाळला जाई, हेही नमूद केलं पाहिजे. ओळखीच्या माणसांत ती उत्तम चालत होती. अडचण अनोळखी माणसाची होती.

सांगलीतल्या एखाद्या प्राध्यापकाला शंभर शेअर घ्यायचे असले, तर तो गावातल्या उपदलालाला सांगे. उपदलाल फोन लागला की मुंबईच्या दलालाला कळवी, दलालाचा माणूस रिंगणात जाई, आणि सौदा झाल्याची चिठ्ठी चार दिवसांनी सांगलीत पोचे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्या शेअरचा दिवसातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव छापून येई. प्राध्यापकाची खरेदी बहुतेक वेळा वरच्या भावाच्या आसपास लागलेली असे. विकायला गेलं, तर खालच्या. खरा सौदा कितीला झाला, हे विचारायची सोय नव्हती. दाखवलेला भाव आणि झालेला भाव यातला जो फरक दलालाच्या खिशात राहायचा, त्याला बाजारात साधा, घरगुती शब्द होता: गाळा.

गाळ्याला चोरी म्हणावं, तर ती इतकी रोजची होती की कुणाला तिची लाज वाटत नसे. माहिती एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही, त्या अंतराची ती किंमत होती.

घोटाळ्यानं काय शिकवलं

एप्रिल १९९२ मध्ये मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाने ४,४०० चा आकडा ओलांडला होता. त्याच महिन्यात पत्रकार सुचेता दलाल यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’तून रोखे घोटाळा बाहेर काढला. त्यातल्या हर्षद मेहता या दलालाचं नाव घराघरांत पोचलं. जानकीरामन समितीने मोजलेली रक्कम ४,००० कोटींच्या वर गेली.

लोकांच्या लक्षात राहिला तो मेहता आणि त्याची लेक्सस गाडी. पण घोटाळ्याच्या मुळाशी एक रटाळ गोष्ट होती: नोंदवह्या. बँका आपसात सरकारी रोख्यांचे व्यवहार करत, तेव्हा रोखा हातात येण्याऐवजी ‘रोखा आमच्याकडे आहे’ असं सांगणारी पावती येई. मालकीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात हाताने होई, तीही मागाहून. पावती आणि नोंद यांच्यामधल्या दिवसांत पैसा कुठे फिरून येतो, हे कुणालाच एका जागी दिसत नव्हतं. त्या फटीतून हजारो कोटी शेअर बाजारात उतरले.

नव्या बाजाराची कल्पना मात्र घोटाळ्याच्या आधीची. युनिट ट्रस्टचे माजी अध्यक्ष मनोहर फेरवानी यांच्या अभ्यासगटाने १९९१ मध्येच नवी मुंबईत एक राष्ट्रीय पातळीवरचा आदर्श शेअर बाजार उभारावा, असं सुचवलं होतं. असे अहवाल कपाटात जातात. घोटाळ्याने तो बाहेर काढला. नोव्हेंबर १९९२ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे एनएसई, ही कंपनी नोंदली गेली. आयडीबीआयचा पुढाकार आणि बरोबर इतर वित्तसंस्था, विमा कंपन्या, बँका. व्यवस्थापकीय संचालक म्हणून आयडीबीआयमधून डॉ. रा. ह. पाटील आले. सोबत रवी नारायण, चित्रा रामकृष्ण, आशिषकुमार चौहान अशी हाताच्या बोटांवर मोजावी इतकी तरुण मंडळी. यांतल्या कुणाच्याही घरात दलालीची पिढीजात परंपरा नव्हती. ऑफिस वरळीला, महिंद्र टॉवर्समध्ये. दलाल स्ट्रीटपासून अंतर फार नव्हतं, पण वारसा मात्र पार वेगळा होता.

आधी प्रश्न, मग यंत्र

एनएसईचं यश संगणकाच्या खात्यावर टाकायची आपल्याला सवय झाली आहे. संगणक तेव्हा कुणालाही विकत घेता आला असता. पाटील आणि मंडळींनी संगणक निवडण्याआधी तीन प्रश्न सोडवले होते.

पहिला: मालक कोण? उत्तर, वित्तसंस्था. दलाल हे ग्राहक. बाजार चालवणाऱ्या कंपनीत त्यांचा वाटा नाही. दुसरा: सभासद कोण होऊ शकतो? उत्तर, ज्याच्याकडे भांडवल, अनामत आणि पात्रता आहे तो. कार्डाचा वारसाहक्क नाही, कार्डांची टंचाई नाही. तिसरा: बाजार कुठे भरणार? उत्तर, कुठेच नाही. रिंगणच नाही, म्हणजे रिंगणात कुणाची ओळख आहे हा प्रश्न उरत नाही.

ही तीन उत्तरं पक्की झाल्यावर यंत्र कसं हवं ते आपोआप ठरलं. बाजाराला जागा नाही, तर तारा हव्यात. आणि १९९४ च्या भारतात तारांवर विसंबायची सोय नव्हती. घरचा फोन मिळायला वर्षानुवर्षं लागत. मग थेट आकाशातून जायचं ठरलं. दलालाच्या गच्चीवर एक छोटी तबकडी, व्हीसॅट. ऑर्डर तिथून सुमारे ३६,००० किलोमीटर वर उपग्रहाकडे आणि तिथून तितकंच खाली वरळीला. या फेरीला पाव सेकंद लागतो. ३६,००० किलोमीटरपुढे पुणे आणि गुवाहाटी यांच्यातलं अंतर नगण्य. मुंबईपासून कोण किती लांब, याचा हिशेब एका फटक्यात निकालात निघाला.

३० जून १९९४ ला रोख्यांचा बाजार सुरू झाला. घोटाळा जिथे झाला होता, पहिला दिवा तिथेच लावला. शेअरचे व्यवहार सुरू झाले ३ नोव्हेंबर १९९४ ला, ऐन दिवाळीत. गुजराती-मारवाडी पेढ्यांवर चोपडीपूजनाची लगबग होती, तेव्हा वरळीत चोपडीच नसलेला बाजार उघडत होता.

पडद्यावर काय दिसतं

त्या पडद्याकडे जरा जवळून पाहू, कारण क्रांती तिथेच, चार रकान्यांत बसली होती.

समजा, एका शेअरसाठी पुण्याहून १० वाजून ४ मिनिटांनी ऑर्डर आली: २५२ रुपयांना १०० घ्यायचे. बारा सेकंदांनी नागपूरहून आली: तेवढ्याच भावाला १००. मग राजकोटहून: २५२ रुपये ५ पैशांना १००. आता कोचीचा कुणीतरी २५० शेअर विकायला निघतो आणि २५२ पर्यंत उतरायला तयार आहे. यंत्र काय करतं? जास्त भाव देणारा राजकोटवाला पहिला. त्याचे १०० सुटले २५२.०५ ला. मग भाव सारखा असलेल्या दोघांत जो आधी आला तो पुण्याचा, त्याचे १००. उरलेले ५० नागपूरला. नागपूरचे बाकीचे ५० रांगेत थांबले.

नियम दोनच: आधी भाव, मग वेळ. नाव कुठेच नाही. पुणेकर कोण, मोठा की छोटा, कुणाचा जावई, हे यंत्राला ठाऊक नाही आणि समोरच्यालाही नाही. पडद्यावर प्रत्येकाला पहिले पाच खरेदीचे आणि पाच विक्रीचे भाव दिसतात, पुढे नग. प्रत्येक सौद्यावर वेळेचा शिक्का. गाळा ठेवायचा तर आता कुठे ठेवणार? सांगलीच्या प्राध्यापकाने दलालाच्या खुर्चीमागे उभं राहून पडदा पाहिला की झालं.

वांधा हा शब्दही इथेच निकामी झाला. एकाच वहीत दोघांची नोंद एकाच क्षणी होत असेल, तर न जुळण्याचा प्रश्न येतो कुठे?

ऑक्टोबर १९९५ पर्यंत, म्हणजे वर्ष भरायच्या आत, एनएसईची उलाढाल मुंबई शेअर बाजाराच्या पुढे गेली. एकशे वीस वर्षांची पेढी एका वर्षाच्या दुकानाने मागे टाकली.

जुन्या घराला नवा दरवाजा

दलाल स्ट्रीट हातावर हात ठेवून बसला नव्हता. १४ मार्च १९९५ ला तिथेही ‘बोल्ट’ नावाची संगणकप्रणाली आली आणि काही महिन्यांत रिंगण शांत झालं. इतक्या कमी वेळात इतकं मोठं स्थित्यंतर घडवणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि तिचं श्रेय त्या संस्थेला द्यायला हवं.

पण बोल्टची पहिली रचना बघा. तिच्यात तारावणीवाल्यांसाठी जागा राखलेली होती. दोन्ही भाव सांगण्याची त्यांची रीत यंत्रात उतरवली होती. साहजिकच होतं. संस्था सभासदांची, सभासदांत तारावणीवाले, मग त्यांचा धंदा बुडवणारं यंत्र ते कसं मागवणार? घर तेच ठेवून दरवाजा नवा बसवला. शिवाय मुंबईबाहेर जाळं पसरायची परवानगी मिळायला १९९६ ची अखेर उजाडली. तोवर एनएसईच्या तबकड्या गावोगावच्या गच्च्यांवर चढल्या होत्या.

यंत्र दोघांकडे आलं. फरक पडला तो यंत्राला काय करायला सांगितलं यात, आणि ते कोण सांगणार हे मालकीने ठरवलं. कुठल्याही कारखान्यात, बँकेत, साखर संघात संगणकीकरणाची फाइल फिरते तेव्हा हाच प्रसंग पुन्हा घडतो. जुनी टेबलं तशीच ठेवून वर संगणक मांडला, तर कागद जिथे अडायचा तिथेच तो अडतो. फक्त जरा वेगाने जाऊन अडतो.

पडद्यामागची तीन कामं

सौदा पडद्यावर झाला, तरी पैसे बुडण्याची भीती होतीच. मार्च १९९५ मध्येच एका कंपनीच्या शेअरमधली देणी थकली आणि मुंबई शेअर बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. एनएसईने यावर वेगळी क्लिअरिंग कंपनी काढली, आणि एप्रिल १९९६ पासून ती प्रत्येक सौद्याच्या मध्ये उभी राहू लागली. विकणाऱ्यासाठी ती खरेदीदार, घेणाऱ्यासाठी ती विक्रेता. समोरचा बुडाला तरी तुमचे पैसे मिळणार. रिंगणात ओळख जे काम करत होती, ते आता अनामत आणि हिशेब करू लागले.

दुसरं काम कागदाचं. शेअर विकायचा म्हणजे प्रमाणपत्र, त्याला जोडलेला हस्तांतर अर्ज आणि त्यावर सही. दहा वर्षांपूर्वीची सही आजच्या सहीशी जुळली नाही, की सगळा गठ्ठा परत. टपालात गहाळ झालेली, फाटलेली, बनावट अशी प्रमाणपत्रं तर रोजचीच. हे म्हणजे जमीन विकल्यावर फेरफाराची नोंद व्हायची वाट बघत महिनोन् महिने तलाठ्याकडे खेटे घालण्यासारखं. त्यावर उपाय म्हणून १९९५ चा वटहुकूम आला, १९९६ चा कायदा, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये शेअर खात्यात सांभाळणारी एनएसडीएल ही संस्था. चंद्रशेखर भावे तिचे पहिले प्रमुख. शेअर कागदावरून खात्यात गेला. जणू सातबाराच थेट खात्यावर, आणि फेरफार आपोआप.

तिसरं काम दिसायला किरकोळ, पण परिणामाने मोठं: देखरेख. रिंगणातल्या आवाजाची नोंद राहत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक ऑर्डरची राहते. कोण एकाच शेअरमध्ये स्वतःच स्वतःशी सौदे करतोय, कुणाची देणी ऐपतीबाहेर चालली आहेत, हे आता दिसायला लागलं. मग ते कुणी पाहावं, हा नवा प्रश्न आला. मार्च २००१ मध्ये बाजार कोसळला तेव्हा मुंबई शेअर बाजाराच्या अध्यक्षांनी, जे स्वतः दलाल होते, देखरेख विभागाकडून माहिती मागवल्यावरून वादळ उठलं आणि त्यांनी पद सोडलं. पुढे चौकशीत त्यांच्यावर ठपका राहिला नाही. पण खेळणाऱ्याच्या हाती शिट्टी असू नये, हे त्या प्रकरणाने सगळ्यांना पटवलं. त्याच वर्षी जुलैत बदला कायमचा बंद झाला. २००५ मध्ये मुंबई शेअर बाजार स्वतःच कंपनी झाला. मालकी आणि दलाली वेगळी झाली. यंत्र १९९५ ला आलं, त्याला साजेशी संस्था घडायला आणखी दहा वर्षं लागली.

कोण गेलं, कोण आलं

या उलथापालथीत माणसं होती. तारावणीवाले हा वर्गच संपला. रिंगणात वीस वर्षं घसा झिजवलेल्या माणसाला कळफलकासमोर बसवलं, की त्याचं निम्मं कौशल्य निरुपयोगी ठरे. समोरच्याचा चेहरा वाचणं हे त्याचं भांडवल, आणि पडद्याला चेहरा नव्हता. काहींची मुलं टर्मिनलवर बसली, काहींनी कार्डं विकली.

गावोगावचे शेअर बाजारही गेले. एके काळी देशात असे वीसहून अधिक बाजार होते. आपल्याकडे पुण्यात १९८२ पासून स्वतंत्र बाजार होता. मुंबई लांब होती, म्हणून पुण्याला बाजार होता. मुंबईचा भाव पुण्याच्या पडद्यावर त्याच क्षणी दिसू लागल्यावर त्या बाजाराचं प्रयोजनच उरलं नाही. शेअर बाजारांची नियामक असलेल्या सेबीने पुढे अशा बाजारांना रीतसर निरोप दिला, त्यात पुणेही आलं.

मिळालं ते सामान्य गुंतवणूकदाराला. दलाली एक टक्क्याच्या खाली उतरली. पंधरवड्याने चुकते होणारे सौदे आधी पाच दिवसांवर, मग तीन, मग दोन, आणि जानेवारी २०२३ पासून एका दिवसावर आले.

पाव सेकंदाची रांग

एवढ्यावर गोष्ट संपवली, तर ती यंत्राची आरती होईल. ऑक्टोबर १९९७ मध्ये इन्सॅट-२डी हा उपग्रह निकामी झाला आणि एनएसईचे व्यवहार विस्कळीत झाले. २४ फेब्रुवारी २०२१ ला दूरसंचार तारांच्या बिघाडाने तोच बाजार ऐन दिवसात चार तास ठप्प होता. रिंगण कधी तार तुटून बंद पडलं नव्हतं.

आणि अंतराची गोष्ट नव्याने परत आली. ३६,००० किलोमीटरच्या फेरीने सगळ्यांना सारखं केलं होतं. पुढे यंत्रंच यंत्रांशी सौदे करू लागली, तेव्हा दलालांनी आपले संगणक एक्स्चेंजच्याच इमारतीत भाड्याने ठेवायची सोय झाली. तिचं नाव कोलोकेशन. पाव सेकंद तिथे एक युग असतं. काहींना भाव इतरांच्या आधी मिळाला का, यावर वर्षानुवर्षं चौकशी चालली. २०१९ मध्ये सेबीने एनएसईला सुमारे ६२५ कोटी भरायला सांगितलं, २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला, पण काळजी घेण्यात कसूर झाल्याबद्दल १०० कोटी भरायला लावले. रुमाल गेला, असं म्हणेपर्यंत तो मायक्रोसेकंदांचा होऊन परतला होता.

म्हणून या सगळ्याकडे संगणकाचा विजय म्हणून पाहू नये. संस्थेत माहितीची वाट बदलली की सत्ता बदलते, आणि सत्ता कुणाकडे जावी हे ठरवायचं काम यंत्र करत नाही. पाटलांनी ते आधी ठरवलं आणि मग यंत्र बसवलं. म्हणून ते जिंकले. जिथे ते ठरवायचं राहून गेलं, तिथे पुढे चौकश्या बसल्या.

आज मोबाइलवरून शेअर घेतला की रात्री मेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट येते. आपण ती उघडत नाही. एकदा उघडून बघा. ऑर्डरचा क्रमांक, सौद्याचा क्रमांक, भाव, आणि वेळ: तास, मिनिट, सेकंद. सांगलीच्या प्राध्यापकाला १९९३ साली हवा होता तो एवढाच कागद.